खटक आणि झुंय

मगदूम सरांच्या जोडसायकलीला
पुढच्या हँडलपासून मागच्या गिअरपर्यंत
केबल तीन मीटरला थोडी कमी.
एवढ्या लांबनं तार ओढायची
म्हणजे भावकीतला निरोप :
निघताना एक, पोचताना भलताच.
चढाला तर पोचायचाच नाही.

म्हणून मागं बॅटरीचा गिअर बसवला.
बटण पद्माबाईंच्या अंगठ्याखाली,
कारण त्यांच्या बोटांचे सांधे धरलेले,
आणि तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजात
एका घराची तार दुसऱ्या घरात खोवत बसलेल्या.
“वायरच आहे न्हवं? मग जमतंय.”

पुढचा गिअर सरांनी सोडला नाही.
“शौकत, हाताला ओढ लागली पाहिजे.
बटण दाबून काम झालं,
हे मला पटत नाही.”
हेडमास्तर माणूस. मी वाद घातला नाही.
उद्यमनगरात लेथवर पितळेचं बूच काढलं,
केबल त्यातनं घेतली,
वायर फ्रेमच्या पोटातनं.
बॅटरी कधी चार्ज करायची ते सांगितलं.
बाकीचं सांगायचं राहिलं.

रविवारी पन्हाळ्याची वाट.
वाघबीळच्या चढाला सरांनी खटका ओढला, न विचारता,
आणि नेमकं तेव्हाच बाईंनी बटण दाबलं.
पुढं खटक, मागं झुंय,
साखळीनं कुणाचं ऐकायचं?
ती उतरली खाली.

टेम्पो घेऊन गेलो तर
सर उभे, हात ग्रीसनं काळे,
बाई कठड्यावर बसलेल्या, दरीकडं तोंड करून.
“एवढी वर्षं हे पुढं.
वळायच्या आधी कधी सांगितलं न्हाई.
आता एक तार माझ्या हातात आली,
तर साखळी पडती.”

सरांनी रुमालानं हात पुसले,
रुमाल काळा झाला, हात तसेच.
साखळी चढवायला मला दोन मिनिटं लागली,
मी दहा लावली.

निघताना सर, मान न वळवता :
“ओढू का?”
मागनं बराच वेळ काही नाही.
मग जुन्या सवयीचा, सपाट आवाज :
“थांबा. लाईन बिझी आहे.”

झुंय.
“हं. बोला आता.”
खटक.

पुढं वळण होतं, उसाचा ट्रॅक्टर उतरत होता.
मी टेम्पो दुसऱ्यात टाकला
आणि हॉर्न न देता
मागनं मागनं गेलो.