उजळणी

दर दोन वर्षांनी आमची उजळणी असते.
या खेपेला मिरजेला, मेडिकल कॉलेजच्या जुन्या इमारतीत,
दुसऱ्या मजल्यावर, जिथला पंखा
फिरतो कमी, कुरकुरतो जास्त.
अग्निशमनचे आम्ही चौदा जण
बूट दाराबाहेर काढून शाळेतल्यासारखे बसलेलो.
टेबलावर बाहुला.
पाय नाहीत त्याला. कमरेखाली नुसती झिप.
मागच्या बॅचने कपाळावर मार्करने लिहिलंय: आप्पा.

डॉक्टर बारगीर माझ्या धाकटीच्या वयाच्या.
ओढणी कमरेला खोचून गुडघ्यांवर बसल्या
आणि म्हणाल्या, पूर्वीचं सगळं विसरा.
भूपाल चौगुले माझ्या कानात,
"पूर्वीचं पण असंच सगळं विसरून शिकलो होतो की रं."
खरंय. पंधराला दोन होतं, तीसला दोन झालं.
आधी श्वास मग छाती होतं,
आधी छाती मग श्वास झालं.
परिपत्रकासारखं
माणसाचं काळीजही अधूनमधून सुधारून येतं.

मिनिटाला शंभर ते एकशेवीस.
कुणाला वेग सापडेना.
मला सापडला.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी उन्हाळाभर
चटणी कुटणारा डंका, धप् धप् धप्,
पदर नाकाला लावून रांगेत शिंकणाऱ्या बायका,
त्या ठेक्यावर मी दाबत गेलो
आणि आप्पाच्या खांद्यातला हिरवा दिवा लागत राहिला.
"काका, खोली बरोबर आहे," डॉक्टर म्हणाल्या,
"पण दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्या.
रक्त तेव्हाच भरतं आत.
तुम्ही सोडतच नाही आहात."

जेवणानंतर बुडालेला माणूस.
फळ्यावर त्यांनी लिहिलं, पोट दाबू नये.
खाली दोनदा रेघ ओढली.
पालथा टाकू नये, उलटा धरून फिरवू नये,
पाणी काढण्यात वेळ घालवू नये.
इथं मात्र आधी श्वास. लगेच.

नोकरीचं चौथं वर्ष होतं.
हरिपूरला, संगमाच्या अलीकडे, चिंचेखाली
एका सुताराचा पोरगा काढला होता आम्ही पाण्यातून.
नऊ वर्षांचा. चड्डीच्या खिशात तीन गोट्या.
मी त्याला गुडघ्यावर पालथा घेतला आणि दाबत राहिलो.
पाणी आलं. किती आलं.
घाटावरचे लोक म्हणाले, आलं, आलं, आणखी दाबा.
त्याच्या बापाने नंतर माझे दोन्ही हात धरले,
म्हणाला, साहेब, तुम्ही काही बाकी ठेवलं नाहीत.
ते वाक्य मी आजवर
रुमालात गाठ मारून ठेवल्यासारखं सांभाळलंय.

हात वर केला मी.
"मॅडम, पूर्वी आम्ही पोट दाबायचो."
त्या फळा पुसत होत्या. थांबल्या.
"तेव्हा तसंच शिकवायचे, काका."
आणि पुन्हा पुसायला लागल्या,
तेवढी एक ओळ ठेवून.

चार वाजता पेपर. वीस प्रश्न, नुसत्या खुणा करायच्या.
अकरावा बुडालेल्याचा.
उत्तर क. माहीत होतं.
गोलावर पेन टेकवून मी तसाच बसलो,
शाईचा ठिपका कागदात पसरेपर्यंत.
चौगुलेला वाटलं, मला येत नाही.
त्याने खोकून बाकावर तीनदा बोट आपटलं. अ, ब, क.

प्रमाणपत्र मिळालं. मुदत दोन वर्षं.
मी दीड वर्षात निवृत्त होतोय.
म्हणजे सहा महिने घरी बसून
माणूस जगवायला पात्र असणार.

निघताना आप्पाचं तोंड स्पिरिटने पुसायची पाळी माझी.
ओठ पुसले, नाकपुड्या पुसल्या,
कपाळावरचं नाव निघेना, राहू दिलं.
खाली गाडी सुरू झाली होती, चौगुले हाका मारत होता.
मी पुन्हा टेबलापाशी वाकलो.
हनुवटी वर केली. नाक चिमटीत धरलं.
आधी श्वास.
प्लास्टिकची छाती वर आली
आणि मी थांबलो,
ती आपली आपण खाली जाईपर्यंत.