चारनंतर

सकाळी सहाला उशाखाली मोबाईल थरथरला:
मेघगर्जना, सोसाट्याचा वारा,
तुरळक ठिकाणी गारपीट. चारनंतर.

तुरळक ठिकाणी.
हे गाव कुठल्या तालुक्यात येतं
ते कधी सांगत नाहीत.

सावळजात दहाच्या आत
मुजावरच्या दुकानातला प्लास्टिकचा कागद संपला,
मग सुतळी, मग नायलॉनची दोरी.
मग कुणी मांडवाचं कापड नेलं,
कुणी निवडणुकीतला फ्लेक्स,
पडलेल्या उमेदवाराचा, हात जोडलेला.
मुजावर म्हणाला, महिनाभर कुणी फिरकलं नाही,
आज हिशेब लिहायलाही उसंत नाही.

प्रत्येकाच्या फोनात वेगळं आभाळ.
एकात काळा ढग, एकात पांढरा,
एकात गॉगल घातलेला सूर्य.
पाटोळे गुरुजी तिन्ही उघडतात
आणि बरं बोलेल त्याच्यावर विश्वास ठेवतात.
जतचा बिराप्पा फोन बघत नाही, मुंग्या बघतो.
म्हणाला, मुंग्या अंडी हलवायल्यात अक्का.
मग जरा वेळानं,
तशा त्या रोजच हलवत्यात म्हणा.

शेडमध्ये जाळीच्या दहा मजल्यांवर
बेदाण्याचा बारावा दिवस.
अजून तीन हवे होते.
हिरवा आहे, आत उजेड धरून बसलाय.
पाण्याचा हात लागला की काळा पडतो,
आणि काळ्याचा भाव
सौद्यात हळू आवाजात सांगतात.
पश्चिमेची बाजू आधी बांधली.
गाठीवर गाठ. कागदाच्या पायावर दगड.
गाठ मारताना माझी जीभ बाहेर येते,
आईचीही यायची.

धैर्यशीलनं फ्रीजरमधला बर्फाचा ट्रे
रिकामा करून ठेवला होता.
सगळ्यात मोठी गार शाळेत न्यायची म्हणे.
असलं मागू नये रे, म्हटलं,
आणि पाठीत एक हलकीच घातली.

तीनला वारा थांबला.
आभाळ वांग्याच्या सालीसारखं.
कुत्री ट्रॅक्टरखाली, माणसं रस्त्यावर,
सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.
गार हा शब्द कुणी उच्चारत नव्हतं.
येतंय काय ते? एवढंच.
आणि ओठांतल्या ओठांत प्रत्येकाचं एकच,
बाजूनं जाऊ दे.
बाजूला कोण राहतं
हे तेव्हा आठवत नाही.

साडेचारला एकच झोत आला.
उमेदवार उडाला, शेवग्यात जाऊन अडकला,
हात जोडलेलेच.
धुळीत चार थेंबांची चार भोकं.
संपलं.
लगेच हवामान खात्याचा उद्धार सुरू झाला,
बिराप्पानं चुलीवर चहा टाकला,
गुरुजी म्हणाले, मी म्हणालो नव्हतो?
ते तिन्ही म्हणाले होते.
हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं,
दिवसभराचं असावं.

मग डोंगरसोनीहून रत्नाचा फोन.
आधी नुसता आवाज,
पत्र्यावरून काहीतरी ठिबकत असल्याचा.
तुमच्याकडं?
विचारलं तिनं.
नाही म्हणायला माझी जीभ वळेना.
थोडं झालं, म्हणाले,
चार थेंबांचं थोडं केलं
सख्ख्या बहिणीसाठी.

आमच्याकडं सगळं पांढरं झालंय, ती म्हणाली.
बागेत, अंगणात, शेडमध्ये,
गोठ्याच्या दारापर्यंत पांढरंच पांढरं.
खोटं नाही सांगत,
दिसायला लई छान दिसतंय बघ.

उरलेला कागद, दोरी, बॅटरी घेऊन
आम्ही गाडीवरून निघालो. धैर्यशील मागं.
खिंड ओलांडली तशी हवा
फ्रीजचं दार उघडल्यासारखी अंगावर आली.
रत्नाच्या उंबऱ्याशी द्राक्षाच्या फाटक्या पानांत
गारांचा ढीग होता, कडेनं विरघळत चाललेला.
ती खराट्यानं तो बाहेर लोटत होती,
सणाच्या आदल्या दिवशी लोटतात तसा.
बसा म्हणाली, आणि बसायला जागा शोधू लागली.

पोरानं जर्किनच्या आत काहीतरी धरलं होतं.
मला माहीत होतं काय ते.
चेन त्यानं
गळ्यापर्यंत ओढून घेतली.