साडेतीन फूट सावली

बारा वाजून चोवीस मिनिटांनी
हत्तुरे मास्तरांनी गच्चीवर खडूनं रेघ ओढली.
चार फुटांची काठी, साडेतीन फुटांची सावली.
म्हणाले, बस. यापुढं लांबणार नाही ही.
सावलीला शेवट असतो
हे आम्हाला दर डिसेंबरात नव्यानं पटवावं लागतं.

विडी घरकुलाच्या मागं माळ आहे,
कुणाच्याच नावावर नसल्यासारखा.
तिथं जमतो आम्ही, अंधार पडता पडता.
नागमणी चिलका सूप घेऊन येते, सुपात कात्रणं,
तेंदूच्या पानांची, वर्षभराची;
आमच्या बोटांनी जे कापून टाकलं ते सगळं.
जुबेदा शेंगाची चटणी आणि कडक भाकरी आणते,
तोडताना पापडासारखा आवाज होतो, त्यावरूनच हसायला सुरुवात.

इरव्वाकडं माहेरची येळ अमवास्या आहे, शेत नाही.
म्हणून ती शेताची जागा माळाला देते.
कडब्याचा हेंडगा बांधते, पेटवते
आणि सत्तरीतल्या गुडघ्यांनी पळत सुटते गोल,
एक हाळी देत, जिचा अर्थ
तिलाही ठाऊक नाही, तिच्या आईलाही नव्हता.
ठिणग्या तिच्या पदराला ओळखतात काय की,
अजून एकदाही धरलं नाही त्यांनी.
मागनं पोरं आंबील शिंपडत जातात,
बाभळीवर, दगडांवर, एकमेकांच्या अंगावर.

मागच्या साली बीटवरचा हवालदार आला,
गाडी बंद न करताच म्हणाला,
काय करलालाव ओ? कुठल्या धर्माचं हे?
आम्ही एकमेकींकडं बघितलं.
परवानगी नव्हती, पुस्तक नव्हतं, मूर्ती नव्हती.
नागमणी म्हणाली, थंडीचं आहे, साहेब.
तो थोडा वेळ तसाच बसला.
मग गाडी बंद केली
आणि हात शेकायला पुढं केले.

मी मोठी रात्र विड्यांत मोजते.
हजाराचा हिशोब द्यायचा असतो,
बोटं आपोआप चालतात, दोरा आपोआप बसतो,
आणि या रात्रीत अप्पा जास्त आठवतात.
मिल बंद झाली त्या दिवशी
गेटमधून ते फक्त एक धोटा घेऊन आले,
सदऱ्याच्या आत, चोरल्यासारखा.
तीस वर्षं तो कपाटावर होता.
सणावारी आई त्याला हळद लावायची, का ते सांगायची नाही.

दरवर्षी मी तो पिशवीत घालून माळावर नेते.
दरवर्षी परत आणते.

यंदा जाळ खाली बसत आला होता.
जुबेदाची नात माझ्या मांडीवर झोपलेली,
तिच्या केसांना धुराचा आणि तंबाखूचा वास.
कुणी काही बोलत नव्हतं.
मास्तर आकाशात बघून मृग दाखवत होते
ज्यांना दिसत नव्हता त्यांना.
पिशवीत हात गेला, आणि मी काही ठरवलं नाही,
हातानंच ठरवलं.
गुळगुळीत लाकूड.
आत गेलं तेव्हा आवाज झाला नाही,
फक्त थोड्या वेळानं एक निळी जीभ निघाली,
जुन्या तेलाची असेल.
इरव्वानं बघितलं. माझ्या पाठीवर हात ठेवला
आणि आंबिलीची वाटी पुढं केली,
पी गं, गार झाली.

सकाळी मी एकटीच गेले.
मास्तर आधीच तिथं, मफलर गुंडाळून, घड्याळाशी भांडत.
सांगत होते, सूर्य लगेच सुधरत नाही,
संक्रांत येईपर्यंत उजाडायला उशीरच होणार,
दिवस वाढतो तो संध्याकाळच्या बाजूनं,
जिकडं कुणाचं लक्ष नसतं तिकडनं.

मी काडीनं राख उकरली.
धोट्याची दोन लोखंडी टोकं सापडली,
काळी,
अजून कोमट.
एक पदराच्या गाठीत बांधलं.
दुसरं मास्तरांना दिलं,
काठीला लावा म्हणलं,
पुढच्या साली सावली टोकदार पडू दे.