सूप उतरवलं त्या रविवारी

शनिवारी अम्माने विडी कारखान्यात कार्ड जमा केलं.
रविवारी सगळे येणार म्हणून
कुंभारीच्या आमच्या दीड खोलीत
सजावटीवरून भांडण झालं.

अंबादास म्हणाला, सोनेरी झिरमिळ्यांचा पडदा आणू,
सात रस्त्यावर भाड्याने मिळतो.
मी म्हटलं, नको. साधंच करू. आपलं करू.
(मी शिकलेली. मला साधेपणाची हौस.)

भिंत पुसून घेतली.
कॅलेंडरमागचा चौकोन अजून पोपटी होता,
बाकीच्या भिंतीला जर्द्याचा रंग.
अंबादासच्या मागावरची चुकलेली चादर अंथरली,
तिच्यातल्या मोराची मान मधेच तुटलीय,
तेवढी बाजू कपाटाखाली सारली.
दाराला झेंडू. अर्ध्यातच संपला,
मग पुढे कडुलिंब.
पद्मजाने उंबऱ्यापाशी ठिपके मोजून मुग्गू काढला,
एक ठिपका चुकला, तो तिने पायाने पुसला
आणि इकडेतिकडे पाहिलं.

मग माझी कल्पना.
पोत्यातली उरलेली तेंदूपानं
अम्माच्याच पत्र्याच्या मापाने कापली,
लाल दोऱ्यात ओवली, भिंतभर बांधली.
मधोमध सूप. तिचं सूप.
मनगट टेकून टेकून काठ जिथे गुळगुळीत झालाय
ती बाजू वर येईल असं टांगलं,
आत शेवंती खोचली.
मागे सरकून पाहिलं.
फोटोत छान येईल, वाटलं.

अम्मा न्हाऊन शेजारून आली.
दारात थांबली.
झेंडू पाहिला, कडुलिंब पाहिला, मग भिंत.
आधी नाक आकसलं.
"वद्दु," म्हणाली.
नंतर मराठीत, शेजारणींना कळावं म्हणून:
"मांडीवरून उतरायला चाळीस वर्षं लागली वो त्याला,
ह्या पोरीनं भिंतीवर चढवलं बघा."

शेजारणी हसल्या. तीही हसली.
मी स्टुलावर चढले.
एकेक पान काढताना हाताला तो वास,
ज्या वासात मी पाढे पाठ केले,
ज्या वासाची शाळेत लाज वाटायची,
आणि लांब नोकरीला गेल्यावर
ज्याची मी माळ करायला निघाले होते.

भिंतीवर दोन खिळे उरले.
तशीच राहू दिली भिंत.

खुर्ची दिली तर बसली नाही, चादरीवर बसली.
कपाटाखालून मोराची मान तिनेच ओढून काढली.
"ह्याला का कोंडलास रे," अंबादासला म्हणाली,
"तूच विणलास ना?"
औक्षण झालं. साडी झाली.
शेंगाची पोळी तीनदा फिरली.
फक्त तिचे हात मांडीत राहीनात.
पदराचं टोक, पेढ्याचा कागद,
जे सापडेल ते बोटं वळत होती,
आणि तिला ते ठाऊक नव्हतं,
किंवा ठाऊक असून आम्ही बघत नाही असं तिला वाटत होतं.

लावण्याने चोरून चार फुगे आणले होते.
एकाची गाठ ढिली, हवा सूं सूं.
अम्माने तो ओढला, लाल दोरा मागितला,
दोन वेढे, नखाचा दाब, दाताने तोड.
कुणाचा श्वास पुरा व्हायच्या आत झालं.

बाकीचे तीन बुधवारपर्यंत सुरकुतले.
हा आठवडाभर कपाटावर
एखाद्या व्याह्यासारखा फुगून बसला होता.

आणि सूप?
सोमवारी सकाळी तिनेच मागितलं.
मी नुसती बघत राहिले.
"बघतेस काय? तांदूळ पाखडायचेत.
दोन पाण्यानं धू आधी,
आणि उन्हात ठेव. चांगलं संध्याकाळपर्यंत."