अर्धं पाऊल मागे

आयोना विचारते, मावशी, खरं सांग,
जुन्याच्या पासंगाला तरी पुरतो का हा?

टे नदीवरून निघालेलं धुकं हिलटाउनचा चढ चढून
खिडकीशी आलंय. माझ्या अंगात अजून बसचा गणवेश,
आणि पडद्यावर पोतेवाला, भाग पाचवा,
त्याच्या पाठीवरच्या तागाचा धागान् धागा मोजून घ्यावा.

आमच्या वेळी पोतं म्हणजे चार तपकिरी ठिपके.
ते पोतं आहे हे वेष्टनावरच्या चित्रावरून कळायचं.
कॅसेट लावायची, मग पाच मिनिटं
शेपटी दारात सापडलेल्या मांजराची किंकाळी.
शेवटच्या मिनिटाला फिंडलेच्या आईने
वॉशिंग मशीन सुरू केलं, की मुसळ केरात.
पुन्हा पहिल्यापासून.

जीव तीन. तिसरा गेला की परत तळघर.
उडी घेतली की घेतली,
हवेत मन बदलायची सोय नव्हती.

(दुसरा भाग बरा होता.
तिसरा फिंडलेने घेतला आणि सोमवारी दुकानात परत केला.
चौथा कधी आला, कधी गेला, कुणाला ठाऊक.)

हा पोतेवाला हवेत वळतो.
हवेतच दुसरी उडी मारतो, कशावर पाय देऊन देव जाणे.
पडला तर पडल्या जागी उठतो, पोतं झटकतो,
वर मलाच शाब्बास म्हणतो.
संगीत सुरेख आहे, खोटं कशाला बोलू,
खरा सेलो वाजतोय म्हणे.
जुन्यात एकच सूर, काडेपेटीत कोंडलेला डास.
तो डास मी सिग्नलला थांबले की अजून गुणगुणते,
मागचे उतारू एकमेकांकडे बघतात.

सहाव्या मजल्यावर ती फळी आली.

ती फळी डाव्या टोकाला एका ठिपक्याने आखूड होती.
दिसायला पूर्ण, पाय टाकला की आरपार.
फिंडले म्हणायचा, भूत आहे. वहीत त्याने काळी फुली मारली होती.
भूत कसलं, कुणीतरी रात्री जागून आकडे भरताना
बत्तीसच्या जागी एकतीस लिहून गेला,
आणि आमची अख्खी शाळा त्या एका आकड्यातून खाली पडली.

नव्यातही आहे ती. मुद्दाम आखूड केलेली.
टोकाला वाळवीचं भोक रंगवलंय,
पाय देण्याआधी करकरून सावधही करते.

मला रागच आला.
चूक अशी काचेच्या कपाटात ठेवतात का?
चूक होते, बस्स.
मग वाटलं, हे भोक ज्याने रंगवलं
तोही तिथेच पडला असणार, शाळेच्या मोज्यांत,
चहा थंड होत असताना.

अर्धं पाऊल मागून उडी घे, मी आयोनाला म्हटलं.
फिंडले आता उत्तर समुद्रात, तेलाच्या फलाटावर,
पण ही त्याची विद्या माझ्या अंगठ्यात शाबूत.
तिने ऐकलं नाही. कडेवरून उडाली, हवेत वळली, पोचली.
धर, तुझी पाळी.

मी अर्धं पाऊल मागे आले, नेम धरला,
आणि थेट तळघरात.
पुन्हा. पुन्हा तळघरात.
हा नवा पोतेवाला पोत्याने जड झालाय,
त्याचा झोक मला कळेना,
अंगठा अकरा वर्षांचा झाला, बावळट, घामेजलेला.

मावशी, सांग ना, तसाच आहे का?
थांब गं, म्हटलं, मधे बोलू नकोस.