गौरवपत्र

टाइप मीच केलं होतं ते:
‘समाजाभिमुख कार्यातील उल्लेखनीय योगदानाबद्दल.’
देवाजी नंदेश्वर. रसायनशास्त्र, प्रयोगशाळा परिचर.
ओळीत बसेना, फॉन्ट दोनदा लहान केला.

दर शनिवारी लॅबला कुलूप लावलं की
चार पोरी अन् रिकाम्या बाटल्यांचं क्रेट घेऊन
सिटी बसनं भांडेवाडी.
बोअरिंगचं पाणी, घरोघरचं.
बाटलीला चिकटपट्टी, चिकटपट्टीवर नाव:
सुलकनबाई. बेबीनंदा. पंक्चरवाला.

टाळ्या वाजल्या तेव्हा
तो शालीत उभा होता,
नागपूरच्या एप्रिलात शाल,
अन् हात एप्रनचे खिसे शोधत होते.

बाहेर पार्किंगमध्ये सुलकनबाई.
पास नव्हता, आत सोडलं नाही.
पदराखाली थंड्याची जुनी बाटली,
तळाशी पिवळं काहीतरी.
“झालं का जी तुमचं?
हे सकाळचं हाय. पाहून घ्या न.”

त्यानं गौरवपत्र काखेत मारलं,
बाटली उन्हासमोर धरली,
बराच वेळ.

चिकटपट्टी कोणाजवळच नव्हती.
मग रूपल उईकेनं
स्वतःच्या कुर्त्यावरचं लेबल सोलून काढलं,
‘सत्कारमूर्ती’ छापलेलं,
त्याखाली लिहिलं: सुलकनबाई, आजची तारीख,
अन् दाबून चिकटवलं
बाटलीला.