सिंहांचं वर्ष

आम्हाला आणून सोडलं तेव्हा गावात चुली होत्या, माणसं नव्हती.
एका जात्यात अर्धं दळलेलं पीठ,
खुंटा धरलेला हात तसाच उठून गेलेला.
ते दळण मी पुरं केलं.
शोमरोनच्या डोंगरात आमची पहिली भाकरी ती.

कूथाहून चार महिन्यांची पायपीट.
उशल्लिमच्या पाठीवर सातूचं बियाणं,
माझ्या कमरेला, चिंधीत,
अंगठ्याएवढा नेर्गल, भाजक्या मातीचा.
नदी ओलांडताना त्याचा एक कान गेला.

दुसऱ्या वर्षी सिंह आले.
ओसाड द्राक्षमळ्यांतून, भरदिवसा.
हमाथवाल्यांची दोन पोरं नेली,
अव्वाचा कुंभार नेला,
आणि कापणीत उशल्लिम.
विळा सापडला. एक वहाण सापडली.

लोक म्हणाले, इथल्या देवाची रीत आपल्याला ठाऊक नाही,
त्यानंच धाडलेत.
मी गप्प राहिले.
आमच्याकडे सिंह नेर्गलचा.
मग ज्याला मी मुलूखभर कमरेला बांधून आणलं
त्यानं माझा माणूस नेला,
की या डोंगरातल्या, ज्याचं तोंडही कुणी पाहिलं नाही, त्यानं?
अजून उलगडलेलं नाही.
रागवायचं कुणावर ते कळेना झालं
की बाई दोघांपुढेही दिवा ठेवते.

मग राजाच्या हुकमानं एक पुरोहित परत आला,
इथून हाकून नेलेल्यांपैकीच. गद्दियाव.
घोट्यांवर बेड्यांचे वळ.
महिन्यातून एकदा आमच्या खळ्यावर यायचा, सांगायचा
काय खाऊ नये, कुठल्या दिवशी हात थांबवावेत,
आणि त्याच्या देवाला मूर्ती नसते.
बाबेलच्या बायका खिदळल्या,
मूर्ती नाही तर न्हाऊ कुणाला घालता?
तोही हसला. तेवढंच त्याचं हसणं मी पाहिलं.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, तो म्हणाला.
म्हटलं, बाबा, माझ्या घरात म्यान कुठलं?
कणगी आहे.
तळाशी सातू, वर गहू,
ज्याला जे लागेल ते हात घालून काढावं.

पुढे एकदा लोकर विकायला बेथेलला गेले.
दिवस मावळत होता.
गद्दियाव एका रिकाम्या चौथऱ्यापुढे उभा,
जिथलं सोन्याचं वासरू केव्हाच शत्रूच्या गाडीत चढलं होतं.
हात हवेत, वशिंडाच्या उंचीवर,
हळूहळू थोपटत होता.
मी पायरव न करता मागे फिरले.
हे आजवर कुणाला सांगितलं नाही.

सिंह कमी झाले. का, ते त्यांनाच माहीत.
मळे पुन्हा राखायला लागलो, एवढं खरं.

सून इथलीच, होग्ला.
हाकून नेलं त्या दिवशी टाक्यात लपून राहिली म्हणून उरलेली.
नातू झाला तेव्हा दोघी भांडलो,
नावात कुणाचा देव घालायचा.
तीन दिवस पोर बिननावाचं.
शेवटी नुसतंच 'इल' ठेवलं. देव.
कुठला, ते ज्याचं त्यानं समजावं.

परवा दक्षिणेकडचा एक लेखक आला,
खळ्यावर बसून आमची यादी केली,
कुठून आले, काय पुजतात.
उठताना वाचून दाखवलं:
एकाला भितात, सेवा भलत्यांची करतात.
खोटं लिहिलं नाही त्यानं.
फक्त भिण्याचा धनी एकच धरला.
मी तर सगळ्यांनाच भ्याले,
आणि सेवा म्हणशील तर
दिवसभर ती या पोराचीच चालते,
जो माझ्या नेर्गलला दुधात बुडवून चोखतो,
आणि होग्ला तोंडातून काढून, धुऊन,
न बोलता कोनाड्यात परत ठेवते.

काल रात्री लांब, दरीपलीकडे, एक डरकाळी आली.
होग्लानं अंधारात तिच्या देवाचं नाव घेतलं.
मी माझ्या.
मधे झोपलेला इल उठून बसला
आणि दाराकडे तोंड करून
पोटातून गुरगुरला.